सेन्सिटिव्ह दात: लेसर मारावा की औषध लावावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दवाखान्यात डायोड लेसरचं यंत्र आहे आणि खणात दातावर ब्रशनं लावायचं फ्लोराईड वार्निशही आहे. दोन्ही वापरतो, त्यामुळे दोन्हींबद्दल मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. खालचे प्रश्न पेशंट खुर्चीत बसताना विचारतात, आणि त्याहून जास्त वेळा दाराची कडी उघडता उघडता.

दात शिवशिवतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

दाताच्या वर एनॅमलचं कवच असतं आणि त्याच्या आत डेंटिन. डेंटिन हाताला दगडासारखं लागतं, पण ते बारीक नळ्यांनी भरलेलं असतं. एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला साधारण १५ ते २० हजार नळ्या असतात, आणि नसेजवळ जावं तशी ही संख्या ४५ हजारांच्या पुढे जाते. प्रत्येक नळी एक ते दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, आणि तिच्यात द्रव भरलेला. नळीचं तोंड बाहेर उघडं पडलं की गार पाणी, वारा, साखर, लिंबू, कशानंही तो द्रव हलतो आणि आतल्या टोकाच्या नसेला हिसका बसतो. कळ येते ती याच हिसक्यामुळे. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोग करून हे मांडलं आणि आजचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत.

यातला एक हिशेब मला नेहमी सांगावासा वाटतो. नळीची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातला प्रवाह दुप्पट होत नाही, सोळापट होतो. १९८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली शिवशिवणारे आणि न शिवशिवणारे दात शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा शिवशिवणाऱ्या दातांवर उघड्या नळ्या सुमारे आठपट आणि रुंदीनं जवळजवळ दुप्पट निघाल्या. त्यामुळे उपचाराच्या वाटा दोनच: नळीचं तोंड बुजवा किंवा आतल्या नसेला शांत करा. पेस्ट घ्या, वार्निश घ्या, लेसर घ्या, प्रत्येकाचं काम या दोनांपैकी एका खात्यात पडतं. काहींचं दोन्हींत.

कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, तेही हेच का?

भावकीतलंच आहे. आंबटानं दाताचा वरचा थर थोडा मऊ होतो, नळ्यांची तोंडं मोकळी होतात आणि भाकरीचा तुकडा चावतानाही दात नकोसे होतात. लाळ हळूहळू काम करते आणि एक-दोन दिवसांत दात पूर्ववत होतात. पण मीठ-तिखट लावलेली कैरी अख्खा एप्रिल-मे रोज चालू असेल, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही.

ही सेन्सिटिव्हिटीच आहे की दात किडलाय, हे घरी कळेल का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. साध्या सेन्सिटिव्हिटीची कळ तीक्ष्ण आणि छोटी असते. गार पाणी लागलं, कळ आली, पाणी गिळलं, संपलं. खालच्यापैकी काही होत असेल तर पेस्ट आणि लेसर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

गार किंवा गरम लागल्यावर ठणका मिनिटभर तरी जात नाही. रात्री झोपेतून जाग येते. गरम चहानं दुखतं आणि गार पाण्याची गुळणी तोंडात धरली की बरं वाटतं. शेवटच्या प्रकारात नस बहुतेक वाचवण्यापलीकडे गेलेली असते. चावताना, त्यातही चावून सोडताना चमक येत असेल तर दाताला तडा असू शकतो. सर्दी झालेली असताना वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकलं की ते वाढत असेल, तर सायनसकडे बघावं लागतं.

आणखी एक, दातांशी संबंध नसलेलं. जिना चढताना किंवा चालताना खालच्या जबड्यात दुखतं आणि थांबलं की थांबतं, असं होत असेल तर माझ्याकडे नाही, त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरकडे जा. सोबत छातीत जड वाटत असेल, घाम फुटत असेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

दात किडलेला नाही, मग नळ्या उघड्या कशानं पडल्या?

इथेच खरी गोम आहे, आणि लेसर की औषध या वादापेक्षा मी यावर जास्त वेळ घालवतो.

पहिला संशयित ब्रश. पन्नाशीच्या एका बाई आल्या होत्या. वरचा डावा सुळा आणि त्यामागची छोटी दाढ, दोन्हींना हिरडीलगत नखानं कोरावी तशी खाच. उजवीकडे तसं काही नाही. ब्रश कोणत्या हातानं करता विचारलं, तर उजव्या. उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर बहुतेकदा डावीकडच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दातांवर जातो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश आणून दाखवला. केस दोन्हीकडे फाकलेले, जुन्या केरसुणीसारखे. म्हणाल्या, "हार्डच घेते मी, सॉफ्टनं घासल्यासारखं वाटतच नाही."

दुसरा संशयित मंजन. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड, मीठ. आजीचे दात राखुंडीनं टिकले म्हणतात. टिकले असतीलही, पण आजी रोज पॅकबंद ज्यूस आणि कोल्ड्रिंक पीत नव्हती. मशेरी तर तंबाखूच आहे. ती लावल्यावर दात शांत वाटतात, कारण तोंड थोडं बधिर होतं. त्याच मशेरीनं हिरड्या खाली जातात, मुळं उघडी पडतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच. मशेरी चालू ठेवून लेसर मारून घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

तिसरा आंबटपणा. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. मुळावरचा भाग त्याच्याही आधी, साडेसहाच्या आसपास. सकाळी उठल्या उठल्या लिंबूपाणी, मग लगेच ब्रश, हा क्रम मी रोज ऐकतो. आंबट पोटात गेल्यावर आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं. कोकम सरबत, पन्हं, लिंबू पिळलेला उसाचा रस यांना माझी ना नाही. जेवणासोबत प्या, तासभर घोट घोट घेत बसू नका. ज्यांना ॲसिडिटीमुळे आंबट पाणी घशाशी येतं त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत झालेली दिसते. तिथे ब्रश निर्दोष असतो आणि उपचार पोटाचा करावा लागतो.

आणि काही जणांचं नशीब. एनॅमल आणि मुळावरचं पातळ आवरण जिथे भेटतं, तिथे साधारण दहा टक्के दातांत ते भेटतच नाहीत, मधे डेंटिनची फट उघडीच राहते. हिरडी जरा खाली सरकली की असे दात बोलायला लागतात.

पेस्टमध्ये काय असतं? कोणती घ्यायची?

ब्रँड पाहू नका, डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. एकाच नावाच्या दोन डब्यांत वेगवेगळं औषध असू शकतं. सेन्सोडाईन १९६१ मध्ये अमेरिकेत बाजारात आली तेव्हा तिच्यात स्ट्रॉन्शियम क्लोराईड होतं. आज त्याच नावाखाली पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मिळते आणि इतर औषधांचीही.

पोटॅशियम नायट्रेट बहुधा पाच टक्के असतं आणि ते नसेला शांत करणाऱ्या खात्यातलं आहे. पोटॅशियम नळीतून आत झिरपून साठावं लागतं, म्हणून दोन ते चार आठवडे फरक कळत नाही आणि बंद केलं की परिणाम ओसरतो. बाकीची बहुतेक औषधं नळी बुजवणारी. स्टॅनस फ्लोराईड चांगलं, पण काहींच्या दातांवर हलके तपकिरी डाग धरतात. आठ टक्के आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट ही जोडी लाळेत आधीपासून चालणाऱ्या कामाची नक्कल करते, आणि बोटानं मिनिटभर चोळली तर तिथल्या तिथे आराम पडल्याचं बरेच जण सांगतात. कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट हा काचेचा प्रकार आहे. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाड जोडण्यासाठी जी काच बनवली तिचीच ही बारीक पूड, लाळेत भिजल्यावर नळीच्या तोंडावर दातासारखाच थर धरणारी. दुधातल्या केसीनपासून बनवलेली क्रीमही मिळते. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल त्यांनी ती टाळावी.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर आधी नळी बुजवणारी पेस्ट. पण पेशंटला पोटॅशियमवाली चव आवडत असेल आणि तो ती रोज दोनदा लावणार असेल, तर मी वाद घालत नाही.

महिनाभर लावली, काही फरक नाही.

कशी लावली ते सांगा. पेस्ट लावून लगेच तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या की औषध बेसिनमध्ये. थुंका, हवं तर ओठ पुसा, पाणी नको. रात्रीचा ब्रश झाल्यावर शिवशिवणाऱ्या जागी बोटानं वाटाण्याएवढी पेस्ट चोळून तसेच झोपा. असं सहा ते आठ आठवडे करूनही जैसे थे असेल तर या. घरचं औषध तिथे संपतं.

दवाखान्यात लावायची औषधं कोणती?

फ्लोराईड वार्निश सगळ्यात जुनं आणि स्वस्त. पाच टक्के सोडियम फ्लोराईड, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराईड). नेहमीच्या पेस्टमध्ये हजार-दीड हजार असतं, त्यावरून ताकद कळेल. दात पुसून, कोरडा करून ब्रशनं पातळ थर द्यायचा, दोन मिनिटांचं काम. काही तास कडक आणि गरम खायचं नाही, त्या रात्री ब्रश नाही. बऱ्याच वार्निशांत पाइनच्या झाडाची राळ असते. बँडेजपट्टीच्या चिकट भागानं अंगावर पुरळ उठत असेल तर आधी सांगा.

ऑक्झलेट नळीतल्या कॅल्शियमशी मिळून स्फटिक बनवतं आणि नळी चोंदते. ग्लुटाराल्डिहाइड आणि हेमा (HEMA) या दोन रसायनांचं मिश्रण नळीतल्या द्रवातली प्रथिनं गोठवतं, गरम तव्यावर अंड्याचा पांढरा भाग गोठतो तसं. औषध प्रभावी आहे, पण हिरडीला लागलं तर पांढरा चट्टा उठतो. म्हणून मी कापूस लावून, थेंबभर औषधावर, घाई न करता हे करतो. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईडही शिवशिव थांबवतं, पण किडलेली किंवा मऊ जागा काळी करतं. मागच्या दाढेला चालतं, हसताना दिसणाऱ्या दाताला कोण लावून घेईल?

शेवटी बॉन्डिंग (दाताला चिकटणारा पातळ थर) आणि सिमेंट. खाच खोल असेल तर औषधं लावत बसण्यापेक्षा ती भरून टाकणं शहाणपणाचं.

लेसर वेगळं काय करतो?

"लेसर" हा एकच शब्द ऐकून पेशंट येतात, आतली यंत्रं मात्र दोन अगदी वेगळ्या स्वभावाची.

एक कमी ताकदीचा लेसर. बहुधा डायोड, ७८० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा प्रकाश. तो दातावर काही कोरत नाही, वितळवत नाही. नसेच्या पेशींची संदेश पाठवण्याची क्षमता काही काळ मंदावतो आणि आत नवं डेंटिन घडवणाऱ्या पेशींना चालना देतो असं मानतात. म्हणजे याचं खातं पोटॅशियमचंच, रस्ता वेगळा.

दुसरा जास्त ताकदीचा. यांची नावं लेसर ज्या पदार्थातून निघतो त्यावरून पडलेली: निओडिमियम याग १०६४ नॅनोमीटर, अर्बियम याग २९४० नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइड १०,६०० नॅनोमीटर. निओडिमियम याग डेंटिनचा अगदी वरचा, काही मायक्रॉन जाडीचा थर वितळवतो. तो थर पुन्हा घट्ट होताना नळ्यांची तोंडं बंद होतात. सेन्सिटिव्हिटीसाठी हा लेसर जपानमध्ये १९८५ च्या सुमारास पहिल्यांदा वापरला गेला. तो काळ्या रंगात चांगला शोषला जातो, म्हणून पुष्कळदा आधी दातावर काळी शाई लावतात. शाई बघून पेशंट दचकतो, नंतर ती पुसली जाते. अर्बियमचा लेसर पाण्यात शोषला जातो. तो नळीच्या तोंडातलं पाणी उडवतो आणि मागे राहिलेल्या क्षारांनी नळी अरुंद होते.

आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड, आणि तो मुख्यतः हिरड्यांच्या कामासाठी घेतलेला असतो. यात लपवण्यासारखं काही नाही, माझाही त्यासाठीच घेतला. पण "लेसर आहे" एवढ्यावर थांबू नका, कोणता आहे आणि किती ताकदीवर वापरणार हे विचारा. उत्तर देता न येणाऱ्याकडून तो मारून घेऊ नका.

मग जास्त चांगलं काय, लेसर की औषध?

जाहिरातीत दिसतं तेवढं अंतर दोघांत नाही.

उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२१ मध्ये लेसरवरच्या २३ चाचण्या तपासल्या, ९३६ माणसं आणि २,२९६ दात. खोटा लेसर (म्हणजे उपचाराचं नुसतं नाटक) किंवा काहीच उपचार नाही, यांच्या तुलनेत लेसरनं वाऱ्याची आणि स्पर्शाची कळ कमी होत असावी असा निष्कर्ष निघाला. पण पुराव्याचा दर्जा त्यांनी कमी ते अतिशय कमी धरला. त्याच संस्थेनं २००६ मध्ये पोटॅशियमच्या पेस्टवरच्या सहा चाचण्या पाहिल्या, तिथेही ठाम बाजू घेण्याइतका पुरावा मिळाला नाही. थेट सामना लावलेल्या चाचण्यांत कुठे लेसर थोडा पुढे, कुठे बरोबरी. वार्निश लावून त्यावर लेसर, अशी जोडगोळी बऱ्याच ठिकाणी दोघांपेक्षा बरी ठरलेली दिसते.

एवढा गोंधळ का? एक कारण म्हणजे मोजायचं कसं. मी पंपानं सेकंदभर वारा फुंकतो आणि पेशंटला शून्य ते दहा आकडा सांगायला लावतो. मला मात्र आकड्याआधी पायाचा अंगठा दिसतो. चपलेत वळला की समजायचं, सात-आठ. दुसरं कारण असं की खोटा उपचार घेतलेल्यांपैकीही पुष्कळांचं दुखणं कमी होतं. यंत्राचा आवाज, गॉगल, लाल ठिपका, डॉक्टरचा गंभीर चेहरा, यानंही आकडा खाली येतो. काही दात तर आपले आपणच बरे होतात, कारण आत नवं डेंटिन साठत असतं.

अमेरिकेतले दंतवैद्य लुई ग्रॉसमन यांनी १९३५ साली आदर्श औषधाच्या अटी लिहून ठेवल्या होत्या: नसेला इजा नको, लावताना दुखू नये, लावायला सोपं, गुण लवकर, परिणाम टिकाऊ, दाताचा रंग बदलू नये, आणि दर वेळी लागू पडावं. इतकी वर्षं झाली, सगळ्या अटी पुऱ्या करणारं एकही औषध निघालेलं नाही, लेसरही नाही. लवकर गुण आणि लावायला सोपं यात लेसरची बाजू बरी. किंमत आणि कुठेही उपलब्ध असणं यात औषधाची.

लेसर मारताना दुखतं का? भूल द्यावी लागते?

कमी ताकदीच्या लेसरला काहीच लागत नाही. एका दाताला एक ते तीन मिनिटं, पेशंट मधेच विचारतात, "चालू झालं का?" जास्त ताकदीच्या लेसरला उष्णता जाणवू शकते. भूल दिली तर पेशंटला त्रास होत नाही, पण मग तो "गरम लागतंय" हे सांगूही शकत नाही. तो इशारा मला हवा असतो.

लेसरनं नस मरते असं ऐकलंय.

जास्त ताकद एकाच जागी धरून ठेवली तर नसेला धोका आहे, हे खरं. झॅक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ मध्ये माकडांवर प्रयोग केले. नसेचं तापमान ५.५ अंश सेल्सियसनं वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. आजही लेसरची ताकद ठरवताना हाच आकडा डोळ्यासमोर असतो. म्हणून टोक सतत हलतं ठेवायचं, मधे मधे थांबायचं. नीट वापरलेल्या कमी ताकदीच्या लेसरनं नस मेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

डोळ्यांचं मात्र गांभीर्यानं घ्या. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. त्या तरंगलांबीसाठीचाच गॉगल पेशंट, डॉक्टर आणि मदतनीस तिघांनी घालायचा. सोबत आलेल्या मुलाला बाहेर बसवायचं. गॉगल न देता कोणी यंत्र सुरू करत असेल तर खुर्चीतून उठा.

हे रेडिएशन आहे का? गरोदरपणी चालेल?

एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, हा प्रकाश आहे. तरी गरोदरपणी तातडी नसलेला उपचार मी पुढे ढकलतो आणि पेस्टवर भागवतो. त्या दिवसांत उलट्यांमुळे दात जास्त शिवशिवतात. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा. उन्हात गेलं की पुरळ येतं अशी काही गोळी चालू असेल तर लेसरआधी तिचं नाव सांगा.

किती वेळा यावं लागतं? किती टिकतं?

कमी ताकदीच्या लेसरच्या बहुधा तीन बैठका, मधे तीन दिवस ते आठवडा. वार्निश काही महिन्यांत झिजतं आणि पुन्हा लावावं लागतं. लेसर काहींना सहा महिने पुरतो, काहींना वर्ष. कायमची गॅरंटी देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडून लेखी घ्या, मलाही वाचायला आवडेल.

खर्च?

पेस्ट शे-दोनशे रुपयांत मिळते. वार्निश त्याहून महाग, पण खिशाला झेपणारं. लेसरचं यंत्र लाखांत जातं, त्यामुळे दर शहरागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतो. विचारायचं एवढंच: दर दाताचा की बैठकीचा, बैठका किती, आणि महिन्यानं फरक पडला नाही तर पुढे काय? खर्च जड वाटत असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. रांग लागते, पण तपासणी निवांत होते.

तुम्ही स्वतः लेसर कोणाला सुचवता?

दोन महिने पेस्ट नीट लावून झाली आहे, एकदा वार्निशही झालं आहे, कीड नाही, तडा नाही, तरी एक-दोन दात ऐकत नाहीत, अशांना. हिरडीच्या ऑपरेशननंतर मुळं एकदम उघडी पडून ज्यांना तोंड उघडणंही जड जातं, त्यांनाही. तोंडभर सगळेच दात शिवशिवत असतील तर नाही. तिथे कारण आहारात, पोटात किंवा दात खाण्याच्या सवयीत असतं, बत्तीस दातांवर लेसर फिरवून ते जात नाही.

हिरडीलगत खाच असेल तर आधी ती भरतो. अशा पेशंटना भरल्यानंतर लेसरची गरज क्वचितच लागते.

स्केलिंग केल्यापासून शिवशिवायला लागलं. दात खराब केले का?

नाही. जिथे दगडासारखं कीटण बसलं होतं तिथलं मूळ ते निघाल्यावर उघडं पडलं. आठवडाभर सेन्सिटिव्हची पेस्ट, बहुतेकांचं थांबतं. दात पांढरे करून घेतल्यावरची कळ वेगळी, पेरॉक्साइड आतपर्यंत झिरपल्यामुळे येते आणि दोन-चार दिवसांत जाते.

आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. वार्निश चालेल?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडून हा प्रश्न येतो आणि रास्त आहे. दातांवर डाग पडणारा फ्लोरोसिस दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत होतो. मोठ्या माणसाच्या तयार दातावर वरून लावलेल्या वार्निशनं तो होत नाही. नकोच वाटत असेल तर फ्लोराईड नसलेली औषधंही आहेत, आर्जिनिन, ऑक्झलेट. लहान मुलांसाठी मात्र पेस्ट बेतानंच, आणि गिळू देऊ नका.

लहान मुलाची नवी दाढ गार पाण्यानं दुखते.

सहाव्या-सातव्या वर्षी आलेली दाढ पिवळट-तपकिरी, खडूसारखी दिसत असेल तर तिचं एनॅमल कच्चं राहिलेलं असू शकतं. मोठ्यांची पेस्ट आणून लावू नका, दाखवा. अशी दाढ ब्रशलाही दुखते, म्हणून मूल तिथे घासत नाही आणि ती झपाट्यानं किडते.

लवंगेचं तेल, मीठ-मोहरीचं तेल?

लवंगेचं तेल नसेला थोडा वेळ गुंगवतं, नळी बुजवत नाही. कापसाचा बोळा हिरडीवर ठेवून झोपलेल्यांच्या हिरड्या पोळलेल्या बघितल्यात. मिठानं चोळू नका, कोमट पाण्यात टाकून गुळण्या खुशाल करा.

कटकट नको, रूट कॅनालच करून टाका.

निरोगी नस काढायची घाई कशाला? नस काढलेला दात ठिसूळ होत जातो, पुढे टोपी लागते. लेसर आणि औषध दोन्ही फसली आणि कळ सहन होईना, तरच ते शेवटचं पान.

येताना काय आणू?

जुने एक्स-रे असतील तर ते, चालू गोळ्यांची यादी, आणि घरी वापरता तो ब्रश. नवा घेऊन येऊ नका, तोच आणा.